बांधापलीकडचा धूर

हवामान परिषदांत अन्नाचा विषय निघाला की बोट भाताच्या खाचरांकडे आणि गोठ्यातल्या गुरांकडे जाते, पर्यायाने भारताकडे. ते चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबानुसार २०१९ मध्ये जगाच्या अन्नव्यवस्थेतून सुमारे १,६५० कोटी टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे हरितगृह वायू बाहेर पडले. त्यांतले ७२० कोटी टन शेत-गोठ्यातले, ३५० कोटी टन जंगलतोडीसारख्या जमीनबदलांचे. उरलेले ५८० कोटी टन खतकारखाना, ट्रक, गिरणी, शीतगृह, दुकान, चूल आणि कचराकुंडी या साखळीचे. १९९० पासून हाच वाटा दुप्पट झाला आहे.

तरीही तो नजरेत भरत नाही, कारण देशांच्या वहीखात्यात त्याला स्वतःचे पानच नाही. गाईचा मिथेन ‘शेती’त दिसतो, पण सुपरमार्केटच्या फ्रीजरची वीज ‘ऊर्जे’त, त्यातून गळणारा वायू ‘उद्योगां’त आणि फेकलेला पाव ‘कचऱ्या’त जातो. परदेशातून धान्य आणणाऱ्या जहाजाचे इंधन तर कोणत्याच देशाच्या बेरजेत धरले जात नाही. श्रीमंत देशांचे ताट त्यामुळे आहे त्याहून स्वच्छ भासते. सुपरमार्केटमध्ये वर्षानुवर्षे वापरला गेलेला आर-४०४ए हा शीतकारक वायू कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास ३,९०० पट तापदायक आहे. अमेरिकेतील घरांत दरडोई वर्षाला ७३ किलो अन्न वाया जाते, भारतात ५५. तुलना करायची तर ती साखळीच्या प्रत्येक टप्प्याची व्हावी; आणि ती दरडोई व्हावी, हा भारताचा आग्रह रास्त आहे.

मात्र त्या आग्रहाआड लपता येणार नाही. ५५ किलो हाही आकडा लहान नाही. आपल्याकडे काही गोष्टी मुळातच बऱ्या आहेत: कोल्हापूर-सांगलीचा साखर कारखाना स्वतःच्या उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटवतो, युरोपातल्या बीटच्या कारखान्याला ती सोय नाही. नाशिकची कांदाचाळ वाऱ्यावर चालते, तिला वीज लागत नाही. पण त्याच चाळीत कांदा सडतो, तेव्हा त्याच्यावर खर्च झालेला युरिया, पंपाची वीज आणि शेतकऱ्याचे कष्ट सारेच मातीमोल होतात. म्हणून शीतगृहे हवीतच. प्रश्न त्यांत कोणता वायू भरायचा, हा आहे. आपली बटाट्याची जुनी शीतगृहे अमोनियावर चालतात. अमोनिया विषारी आहे, सांभाळून हाताळावा लागतो, पण तो वातावरण तापवत नाही. नवी छोटी शीतगृहे आणि शीतवाहने मात्र बहुधा आर-४०४एसारख्या हायड्रोफ्लुरोकार्बनच्या यंत्रांवर येतात. किगाली कराराप्रमाणे भारताला या वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे आणि २०३२ पासून घटवायचा आहे. आज बसवलेले यंत्र तेव्हाही चालूच असेल.

तेव्हा शीतगृहाचे अनुदान देताना त्यातील वायूची अट आताच घातली पाहिजे. केंद्राने संयुक्त राष्ट्रांना हिशेब पाठवताना अन्नसाखळीचा स्वतंत्र तक्ता स्वतःहून जोडावा. मग अमेरिका-युरोपकडेही तो ठणकावून मागता येईल. मुंबई महापालिकेनेही त्यात आपली ओळ भरावी: १९२७ पासून कचरा झेलणाऱ्या देवनारच्या डोंगरात घरोघरचे आणि हॉटेलांतले किती उष्टे गेले, आणि त्यातून आजही किती मिथेन निघतो.