रातपाळीला धागा दिसेना, आणि डॉक्टर कुठे ते कळेना

इचलकरंजीत यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्या पोराला तुटलेला धागा दिसेनासा झाला, तर पहिला संशय दारूचा येतो. आमच्याकडे आलेल्या एका तरुणाचं असंच झालं. चष्मे बदलले, गाजरं खाल्ली, गोळ्या झाल्या. थोरल्या बहिणीलाही अंधारात दिसत नाही का, हे मात्र एकाही दवाखान्यात कुणी विचारलं नाही. शेजारपाजारचे मागच्या जन्मीचं पाप काढत होते. आपल्याच वस्तीत, हे विशेष.

आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. जगात साधारण ४,००० माणसांत एकाला होतो. आधी रातांधळेपणा येतो, मग नजरेच्या कडा झिजत जातात आणि नळीतून पाहिल्यासारखं उरतं. मोतीबिंदूची शिबिरं गल्लोगल्ली होतात. या आजाराला ईआरजी, फील्ड टेस्ट आणि जनुकीय तपासणी लागते. त्यासाठी हैदराबादची एल. व्ही. प्रसाद संस्था, चेन्नईचं शंकर नेत्रालय किंवा मदुराईचं अरविंद गाठावं लागतं. एल. व्ही. प्रसादमध्ये न परवडणाऱ्यांवर मोफत उपचार होतात. पण बुडालेल्या पाळ्यांची मजुरी कोण देणार?

२०२१ मध्ये केंद्राचं दुर्मीळ आजार धोरण आलं. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांवर गेली. मात्र मदत ठरावीक आजारांना आणि ठरावीक केंद्रांतूनच मिळते. सुरुवातीच्या आठ केंद्रांत महाराष्ट्रातलं एकच होतं, मुंबईचं केईएम. महात्मा फुले योजनेची बांधणी दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती आहे. निदानासाठीच वणवण करणारा रुग्ण त्यात बसवायचा कुठे?

उपचार तरी आहे का, असं लोक विचारतात. आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषावर अमेरिकेत २०१७ मध्ये जनुकोपचाराला मान्यता मिळाली. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर. बाकी बहुतेकांसाठी अजून काही नाही. तरीही निदान हवंच. ४० टक्के दृष्टिदोष प्रमाणित झाला की २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत राखीव जागा मिळतात, आणि कुटुंबाला पुढचं ठरवता येतं.

या घरात आई-वडील मामे-आत्येभावंडं. दोघंही एकाच सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता २५ टक्के. आणि धाकट्या बहिणीचं स्थळ ठरत होतं, तेही मामाच्याच घरी. आम्ही दोन्ही घरांना एकत्र बसवलं. मामा आधी चिडले, उठून गेले, दुसऱ्या दिवशी परत आले. हैदराबादचा रिपोर्ट येईपर्यंत सुपारी फोडायची नाही, एवढं ठरलंय.