टाकण्याची समिती



मागच्या वेळी उन्हाळी वाळवणाबद्दल लिहीन असं म्हणाले होते. ते पुढच्या खेपेला. आज कचऱ्याबद्दल लिहायचंय. विषय घाण वाटला तर वाटू दे, पण गेले दोन महिने तो माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याला कारण माझंच एक वागणं आहे.

आम्ही बिबवेवाडीत राहतो हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. चार मजली जुनी सोसायटी, बावीस बिऱ्हाडं, त्यातली चौदा-पंधरा तरी जैनांची. आम्ही सांगलीकडचे दिगंबर, बाकीचे बहुतेक मारवाडी आणि गुजराती श्वेतांबर. पंथ वेगळे, पण स्वयंपाकघरं सारखीच. पाणी गाळून घ्यायचं, उजेड असताना जेवण उरकायचं, चातुर्मासात पालेभाजी बंद. माझ्या माहेरी विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं की फडक्यावर राहिलेली जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायची, तीही हळूच, वरून ओतायची नाही, असा दंडक होता. लहानपणी मी स्वतः ते केलंय. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाला त्याच्या जागी नेऊन सोडणारी माणसं आम्ही.

आता पुढचं ऐका.

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दिवाळीपासून इन्सुलिन सुरू झालं. दिवसातून दोनदा. सिरिंज वापरून झाली की मी ती कापसात गुंडाळून ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकत असे. नारंगी टोपण कधी लावायची, कधी नाही. ओल्यातच का? कारण बादली जवळ होती. दुसरं काहीही कारण नाही.

फाल्गुनातल्या एका मंगळवारी आमच्या ‘स्वच्छ’च्या मावशी नेहमीप्रमाणे दारोदार कचरा घेऊन खाली गेल्या. पार्किंगच्या कोपऱ्यात बसून त्या सगळं पुन्हा निवडतात, कारण बावीसपैकी निम्मी घरं ओला-सुका नीट वेगळा करतच नाहीत. अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात मावशी. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली, डाव्या हातात कागद, आणि कागदावर सिरिंज. हातमोजे होते त्यांच्याकडे, पण सुई रबरातून आरपार जाते.

“ताई, तुमच्यात कुणी साखरेचं इंजेक्शन घेतं का?”

मी नाही म्हणाले.

विचार करून म्हणाले असंही नाही, तोंडातून निघून गेलं. मागे सोफ्यावर अण्णा पेपर वाचत बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं. मावशी “बरं” म्हणाल्या आणि समोरच्या दारी गेल्या. त्यांनी बावीसही दारं विचारली. सगळीकडे नाही.

त्या संध्याकाळी मी सामायिकाला बसले. नेहमीसारखी पृथ्वीकायापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्या जिवांची क्षमा मागितली, चौऱ्यांशी लाख योनींची. त्यातला एक पंचेंद्रिय जीव सकाळी माझ्या दारात उभा होता, त्याच्याशी मी खोटं बोलले होते, आणि तरी माझी माळ व्यवस्थित पूर्ण झाली.

बुधवारी मावशी आल्या नाहीत, त्यांची सून आली. म्हणाली, “आत्यांना गोळ्या दिल्यात दवाखान्यात. सारखं मळमळतंय, नुसत्या पडून आहेत.” सुई कुणाची ते डॉक्टरांनी विचारलं होतं. माहीत नाही म्हटल्यावर खबरदारी म्हणून एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, अठ्ठावीस दिवसांच्या. मी माझ्या भाचीला फोन केला, ती डॉक्टर आहे. कुणाचं नाव न घेता विचारलं. तिने सांगितलं की वापरलेली सुई टोचली तर या गोळ्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या, बहात्तर तासांच्या आत तर सुरू व्हायलाच हव्यात. कावीळ बी आणि सीची भीती असते ती वेगळीच. आणि मग म्हणाली, “पण सुई कुणाची ते कळलं तर त्या माणसाचं रक्त तपासता येतं. ते स्वच्छ असेल तर गोळ्या बंद करतात, मावशी.” 

म्हणजे त्या बाईला औषध लागत होतं ते माझ्या तोंडातलं एक वाक्य होतं.

गुरुवारी सकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून चप्पल घातली. रक्त दिलं, रिपोर्ट स्वच्छ आला, मावशींच्या गोळ्या थांबल्या. त्यांचे पाच दिवस बुडाले. त्या पाच दिवसांचे पैसे आम्ही दिले, पण त्याने हिशेब मिटला असं मी समजत नाही. मी त्यांच्यापुढे हात जोडले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मंगळवारीच सांगितलं असतं, ताई.”

पाठशाळेत आपल्याकडून पाच समित्या पाठ करून घेतात. ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण, उत्सर्ग. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्या येतात. मुनींचा आचार तो, पण पहिल्या चार आपण घरात थोड्याफार पाळतो. खाली बघून चालतो, जपून बोलतो (मंगळवार सोडून), शोधून खातो, भांडं आपटत नाही. पाचवीचं नाव मात्र आपण लाजून पटकन उरकतो. शरीरातला मळ टाकायचा तो जागा बघून, पिंछीने झाडून, जिथे जीव नाही आणि ज्याने कुणाला उपद्रव होणार नाही अशा ठिकाणी. श्वेतांबर मैत्रिणी हिला पारिष्ठापनिका म्हणतात, ‘परठवणं’ हा शब्द तर तुमच्या घरात रोजचा आहे. शहरात चातुर्मास करणाऱ्या साधूंना हीच समिती सगळ्यात अवघड जाते, हे आपण डोळ्यांनी बघतो.

ती महाव्रतींसाठी आहे, गृहस्थाला लागू नाही, असं कुणी म्हणेल. अक्षराला धरून बरोबर आहे. पण पिंछी, कमंडलू आणि शास्त्र यापलीकडे ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना टाकण्याचा एवढा विचार सांगितलाय, आणि आपण चार माणसांच्या घरातून रोज बादलीभर टाकतो. माझं म्हणणं इतकंच आहे की आपली सगळी जपणूक आत येणाऱ्या वस्तूंसाठी आहे. भाजी निवडू, पीठ चाळू, वेष्टनावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचू. बाहेर जाणाऱ्या वस्तूला मात्र उंबरठ्यापाशी आपण सोडून देतो. उष्ट्या ताटात दोन घटकांत जीवोत्पत्ती होते म्हणून लगबगीने ताट धुणाऱ्या आम्ही, तेच उष्टं प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च गाठ मारून दोन दिवस बाल्कनीत ठेवतो. सुट्टी आली की तीन दिवस.

सरकारी नियमही काही जगावेगळं मागत नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज, मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, सेल हा घातक कचरा म्हणून वेगळा ठेवायला सांगितला होता. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यायचे, हेही त्यातच होतं. आमच्या सोसायटीत त्या प्रसंगानंतर फळ्यावर सूचना लागली, ‘कचऱ्यात सुया टाकू नयेत. हुकमावरून.’ मग टाकायच्या कुठे, ते हुकमात नाही. मी सेक्रेटरींना विचारलं तर ते म्हणाले, तुम्हीच काहीतरी शोधा. मावशींनीच उपाय सांगितला. प्रोटीन पावडरचा असतो तसा जाड प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, सुया त्यात, भरला की झाकणाला चिकटपट्टी, वर ठळक अक्षरांत ‘सुया’ आणि लाल ठिपका, आणि तो हातात वेगळा द्यायचा. फुटकी काच जाड वर्तमानपत्रात बांधून वर ‘काच’ लिहायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या इमारतीत आणखी तीन घरांत इन्सुलिन चालतं हे तेव्हाच कळलं. म्हणजे त्या मंगळवारी मी एकटीच खोटं बोलले नव्हते. याने बरं वाटायला नको होतं, थोडं वाटलं.

लाल ठिपक्यावरून पॅडचं बोलते. पाळीत आपल्यातल्या कित्येक घरांत अजूनही बाई तीन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, मंदिराची तर गोष्टच नको. त्यावर माझं मत आज सांगत नाही, ते भांडण वेगळं होईल. पण ज्याला आपण स्वतःच इतकं अशुद्ध मानतो की देवघराकडे पाठ फिरवतो, तेच पॅड कागदसुद्धा न गुंडाळता दुसऱ्या एका बाईच्या हातात जातं, आणि ती ते उघड्या कचऱ्यातून निवडून बाजूला काढते. कागदात गुंडाळून त्यावर लाल पेनाने ठिपका काढा म्हणून ‘स्वच्छ’च्या बायका कधीपासून सांगतायत. घरात तरुण मुलगी असेल तर तिला पहिल्या पाळीच्या वेळीच हे शिकवा, बाकीच्या नियमांबरोबर.

आणि ती चौकातली जागा. महापालिका तिला ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणते. सकाळी अभिषेकाला निघालेली माणसं स्कूटरच्या हुकाला अडकवलेली पिशवी तिथे भिरकावतात आणि पुढे मंदिरात जातात. एका हाताने टाकायची पिशवी, दुसऱ्या पिशवीत सोवळं. मध्यंतरी तिथल्या भिंतीवर सगळ्या धर्मांच्या देवांच्या फरशा लावल्या. कचरा दहा फूट सरकला.

आता खतखड्ड्याचं. मागच्या महिन्यात सोसायटीच्या सभेत विषय निघाला की ओल्या कचऱ्याचं खत इथेच करावं. मिळकतकरात सूट मिळते, बागेला खत मिळतं. तर एक ज्येष्ठ काका उभे राहिले. त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त, मी त्यांना मान देते. ते म्हणाले, कुजवणं म्हणजे जीवोत्पत्ती, आणि खत हलवणं म्हणजे त्या जिवांची हिंसा. जैनांच्या सोसायटीत हे चालणार नाही. अर्ध्या सभेने माना डोलावल्या. विषय पुढच्या सभेवर गेला.

काकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. खत ढवळताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण कचरा आपण खड्ड्यात घातला नाही म्हणून तो कुजायचा थांबतो का? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर गेला. दिवे घाटाच्या अलीकडे, ज्या सासवड रस्त्याने माउलींची पालखी जाते, तिथे. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, टँकर सुरू झाले, ढिगाऱ्याला आगी लागल्या, गावकऱ्यांनी कितीदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तेव्हा पेपरात ‘पुण्यात कचराकोंडी’ असा मथळा यायचा, जणू कोंडी पुण्याची होती. जिवाणी आपल्या विहिरीत जपून सोडणाऱ्या घरांतला कचरा दुसऱ्या गावच्या विहिरीत उतरत होता. त्या ढिगाऱ्यात होरपळलेले किडे, कुत्री, प्लॅस्टिकसकट उष्टं खाणाऱ्या गाई कुणाच्या खात्यात लिहायच्या?

शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगतात, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाने संकल्पी सोडायची, बाकीच्या होतील तेवढ्या कमी करायच्या. चूल पेटवणं ही आरंभी हिंसा आहे म्हणून आपण चूल शेजारच्या गावात नेऊन पेटवत नाही. खतही मला त्यातलंच वाटतं. डोळ्यांसमोर असलं की कमी तरी करता येतं. वाळका पाला भरपूर घातला आणि ओल जास्त होऊ दिली नाही तर अळ्या फार होत नाहीत, हे मी गच्चीतल्या दोन मोठ्या कुंड्यांत करून बघितलंय. आणि पहिला उपाय तर त्याहून साधा आहे, तो म्हणजे मोजून शिजवणं. लग्नाच्या पंगतीचं मात्र मी काही बोलू शकत नाही, आमच्याच घरच्या लग्नात काय झालं ते मला आठवतं.

पुढची सभा येत्या रविवारी आहे. काकांना मी कुंड्या बघायला बोलावलंय. येतो म्हणालेत, पण रविवारनंतर.

परवा आमचा दुसरा डबा भरला. चिकटपट्टी लावून मावशींच्या हातात दिला. त्यांनी कानाशी धरून हलवून बघितला, गाडीच्या दांड्याला अडकवलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवला आणि अण्णांची साखर किती आहे ते विचारलं. दोनशे दहा, मी म्हटलं. “मग आंबे बंद करा त्यांचे,” म्हणाल्या.