यंत्र घेतले, पण इंजिनाचा खर्च हिशेबात धरला का?



ज्वारीची काढणी हे आपल्या जिल्ह्यातले सर्वांत जिकिरीचे काम. रान मंगळवेढ्याचे असो की मोहोळ-बार्शीचे, मालदांडी वाळली की सगळीकडे एकदमच काढायला येते आणि त्याच पंधरा दिवसांत प्रत्येकाला माणसे हवी असतात. ती मिळत नाहीत. म्हणून गावोगाव मागून चालवायचे डिझेलवरचे कापणी यंत्र येऊ लागले. कुणी अनुदानातून घेतले, कुणी कर्ज काढून, कुठे चार-पाच जणांनी मिळून. आले ते चांगलेच झाले. ज्वारी उपटण्यात कंबर मोडते ती बहुतेक बायकांची. त्या कष्टाचे गोडवे शहरात बसून लिहिणाऱ्यांनी खुशाल गावेत.

पण दोन-तीन हंगाम झाले की यातली कितीतरी यंत्रे गोठ्याच्या कडेला उभी दिसतात. विचारले की उत्तर ठरलेले, ‘इंजिनच हलके निघाले.’ एखादे निघतेही. पण माझे मत असे की बहुतेक इंजिने धुळीने आणि घाण डिझेलने मरतात, आणि या मरण्याचा खर्च ज्वारीच्या हिशेबात कुणीच धरत नाही. सरकारही नाही, आपणही नाही.

आधी धुळीचे पाहू. एक लिटर डिझेल जाळायला इंजिनाला दहा हजार लिटरहून जास्त हवा लागते. उन्हाळ्यात गावाला पाणी आणणारा टँकर डोळ्यासमोर आणा, तेवढी हवा एका लिटरला. काढणीच्या दिवसांत ही हवा म्हणजे काळ्या रानाची धूळ आणि वाळलेल्या पात्याचा चुरा. धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते लायनरच्या लोखंडापेक्षा कठीण असतात. एअर क्लीनर तुंबला, फाटला किंवा ‘इंजिन दम खात नाही’ म्हणून काढूनच ठेवला, तर हे कण लायनर आणि पिस्टनच्या रिंगा घासून काढतात. मग निळा धूर, रोज कमी होणारे ऑइल, आणि सकाळी हँडल मारून माणूस थकतो तरी इंजिन उचलत नाही. एका हंगामात हे होऊ शकते. दुरुस्ती म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, आणि तोवर उभे पीक रानात.

क्लीनरला ऑइलची वाटी असेल तर काढणीच्या दिवसांत ती रोज उघडून पाहा. तळाला गाळ बसला की ऑइल बदला आणि खुणेपर्यंतच भरा. जास्त भरले तर इंजिन तेच ऑइल ओढून बेफाम सुटू शकते. कागदी फिल्टर असेल तर हलके झटकावा. रॉकेलने किंवा डिझेलने धुऊ नये, खराब झाला की बदलावा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंख्याची जाळी आणि सिलिंडरवरच्या पाकळ्या दुपारच्या सुट्टीत साफ कराव्यात. तिथे भुसकट साचले की इंजिन तापते, आणि तापलेल्या सायलेन्सरजवळ वाळला कडबा असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको. गरम इंजिनात डिझेल ओतू नका, आणि यंत्र गंजीला लावून उभे करू नका.

डिझेलचे थोडक्यात. पंपातला प्लंजर आणि त्याची नळी यांच्यात दोन-चार मायक्रॉनचीच फट असते. डोक्याचा केस त्याच्या वीसपट तरी जाड. कॅनमधले डिझेल रात्रभर निवळू द्या, तळाचे ओतू नका, कापडातून गाळा. हंगाम संपला की यंत्र लिंबाखाली सोडून देऊ नका. सायलेन्सरवर डबा पालथा घाला, नाहीतर मृगाचे पाणी थेट सिलिंडरच्या वाटेला लागते.

हे ज्ञान गावाला नवे नाही. १९४६ साली किर्लोस्करांची ऑइल इंजिन कंपनी पुण्यात निघाली आणि पुढे विहिरीविहिरीवरची मोट जाऊन इंजिन आले. तेव्हा इंजिनाने एअर धरली की ती काढणारा, नोझल साफ करणारा माणूस वस्तीवरच असे. नंतर वीज आली. मोटारीला बटण दाबले की झाले; बंद पडली तर काढून तालुक्याला न्यायची. एका पिढीत हातातली विद्या गेली. आता इंजिन दुसऱ्या रूपात परत आले आहे, आणि ते ओळखणारा म्हातारा कट्ट्यावर बसून आहे. त्याला कुणी विचारत नाही.

आता हिशेबाकडे. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून २०१४-१५ पासून यंत्राच्या खरेदीला पैसा मिळतो. ते यंत्र पाच वर्षे चालते की दोन, याच्याशी खात्याला देणेघेणे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने १५ अश्वशक्तीपर्यंतच्या ठराविक वेगाच्या डिझेल इंजिनांवरचा आणि कापणी यंत्रांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के केला. ठीक केले. पण त्याच इंजिनात घालायच्या ऑइलवर १८ टक्के ठेवले. म्हणजे नवे घेणाऱ्याला सवलत, जुने सांभाळणाऱ्याला दंड.

मालदांडीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये. तो ठरवताना जो उत्पादनखर्च धरतात, त्यात यंत्राचा घसारा आणि दुरुस्तीही येते. आपण म्हणतो, हा खर्च कमी धरला. खरेच आहे. पण किती कमी, असे समोरच्याने विचारले तर दाखवायला आपल्यापाशी कागद काय? फिल्टर रोखीने, ऑइल सुटे, मिस्त्रीची मजुरी तोंडी.

म्हणून प्रत्येक यंत्रामागे शंभर पानी वही ठेवा. तारीख, इंजिन किती तास चालले, डिझेल किती, ऑइल कधी बदलले, कोणता सुटा भाग किती रुपयांना आणला, काम बंद राहिलेले दिवस. पावती मागून घ्या आणि वहीत चिकटवा. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या तासांना बदलायचे, ते तासही याच वहीतून कळतील. भाड्याने यंत्र चालवणाऱ्या गटांनी तर ही वही ठेवलीच पाहिजे, कारण भाडे ठरवताना डिझेल आणि ड्रायव्हर एवढेच धरले तर इंजिन घसरत जाते आणि शेवटी गटच मोडतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला या वह्या घेऊन या. ऑइलवरच्या कराची मागणी आणि दुरुस्तीच्या खर्चाचा तक्ता त्यांवरूनच तयार करायचा आहे. ज्यांच्या गावात जुना इंजिनवाला आहे, त्यांनी त्यालाही बरोबर आणावे. दुपारच्या सत्रात एक इंजिन उघडून ठेवू.