फावल्या वेळात : आगगाडीच्या कडेचे खांब

मैत्रिणींनो, गणपती जवळ आले की आमच्या पनवेलच्या घरात धाकट्याची छोटी आगगाडी माळ्यावरून खाली उतरते. यंदा मखरापुढे रूळ, स्टेशन, बोगदा, सगळे मांडले. मामंजी बघून म्हणाले, "सूनबाई, तारा कुठे आहेत?"

मामंजी रेल्वेत तारबाबू होते. आता पनवेलला रुळांवर विजेच्या तारा दिसतात. कडेचे ते जुने खांब जवळजवळ गेलेच. टपालखात्यातून चालत आलेली तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्यानंतर मामंजी नोकरीचा विषय क्वचितच काढत. म्हटले, खांब करायचेच!

साहित्य घरचेच. खराट्याचे जाड हीर, काडेपेटीच्या काड्या, भरतकामाचे बारीक पांढरे मणी, राखाडी दोरा आणि डिंक. आमची गाडी १:८७ मापाची, म्हणून सात मीटरचा खांब आठ सेंटिमीटरचा होतो. शिवाय तळाशी रोवायला दोन सेंटिमीटर जास्त ठेवा. काडी उभी चिरून आडवी चिकटवा, राखाडी रंग द्या आणि तिच्यावर मणी बसवा. चिनी मातीच्या वाट्या हुबेहूब दिसतात!

खऱ्या हिशेबाने अंतर ठेवले तर पाटावर दोनच खांब मावतील. वीस सेंटिमीटरवर एक छान दिसतो. डिंक लावण्याआधी सगळ्यांत लांब डबा वळणावरून फिरवून पाहा. डब्याची टोके बाहेर झुकतात आणि खांबाला धडकतात.

खांब रात्रभर वाळू द्या. दोरा मेणावरून ओढला की त्याची लव बसते. तो मण्याला गुंडाळा, पण ताणू नका; किंचित झोळ हवाच. मी घट्ट ओढला आणि वळणावरचे तिन्ही खांब आत कलले!

मामंजी हसले. "वळणावर तारा खांबाला आत ओढतात. बाहेरच्या बाजूने ताण द्यावा लागतो," म्हणत त्यांनी स्वतः दोऱ्याचे ताण बांधले. संध्याकाळी पाहते तो, ताटावर चमच्याने कट्ट-कडकट्ट करीत ते धाकट्याला त्याचे नाव तारेच्या भाषेत शिकवत होते. आरतीला दोघांनाही हाका माराव्या लागल्या.

तुमच्या घरी कोणी रेल्वेतले असेल, तर खांब रोवण्याआधी त्यांना जरूर विचारा हं!