झोप म्हणजे आळस नव्हे



मागच्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही विहारात बीपी तपासायला बसलो होतो. एक टेबल, दोन खुर्च्या, माझं मशीन आणि एक वही. पन्नाशीच्या एका मावशींचं बीपी १६८/१०० भरलं. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, तरी जवळपास तेवढंच. गोळी चालू होती. मीठ कमी केलं होतं, पापड-लोणचं बंद होतं.

"गोळी रोज घेता का मावशी?"

"घेते की गं बाई. एक दिवस चुकवत नाही."

"आणि झोपता किती?"

त्या हसल्या. "झोपायला वेळ कुठाय? बारा वाजता पाठ टेकते, तीनला नळाला पाणी येतं."

म्हणजे तीन तास. पाणी भरून झाल्यावर डोळा लागलाच तर आणखी तासभर, कारण सहाला पहिल्या घरची भांडी असतात. हे गेली कित्येक वर्षं चालू आहे. दवाखान्यात त्यांना मीठ विचारलं गेलं, मिश्री विचारली गेली, गोळ्यांचं पाकीट बघितलं गेलं. झोप कुणी विचारली नाही. खरं सांगायचं तर नर्सची नोकरी केली तेवढी वर्षं मीही कुणाला विचारली नव्हती.

आता हे का विचारायचं ते सांगते. निरोगी माणूस गाढ झोपतो तेव्हा त्याचं बीपी दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी खाली येतं. नाडी मंदावते. दिवसभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाला आणि दाब सोसणाऱ्या रक्तवाहिन्यांना चोवीस तासांत मिळणारी मोठी उसंत ती हीच. बोअरची मोटर रात्रंदिवस चालू ठेवली तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. झोप मोडली की शरीराला वाटतं, काहीतरी संकट आहे. ते ॲड्रिनलिनसारखी संप्रेरकं रक्तात सोडतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ठोके वाढतात. एखाद्या रात्री झालं तर शरीर सावरून घेतं. रोजच झालं तर बीपी चढलेलंच राहायला लागतं. रक्तवाहिनीच्या आतलं पातळ अस्तर सततच्या दाबाने दुखावतं, तिथे सूज येते आणि चरबीचा थर बसायला जागा होते. त्यात कमी झोपेने भूक वाढते, आणि इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणून साखरही वाढते. बीपी, साखर आणि चरबी एकत्र आली की हार्ट ॲटॅक आणि लकवा फार लांब राहत नाहीत.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदय सांभाळण्यासाठी सात गोष्टींची यादी केली होती. तंबाखू, आहार, व्यायाम, वजन, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. २०२२ मध्ये त्यात आठवी गोष्ट घातली, झोप. मोठ्या माणसाला ७ ते ९ तास.

रात्रपाळीचं तर मी स्वतःच्या अंगावर अनुभवलं आहे. जीएनएम झाल्यावर पंधरा वर्षं वॉर्डात काम केलं. आठवडाभर नाईट, मग एकदम सकाळची ड्युटी. नाईट करून घरी आलं की पत्र्याच्या खोलीत दिवसा झोप कसली? वरून ऊन, खाली पोरं, दाराशी भाजीवाला. एकोणचाळिसाव्या वर्षी मलाच बीपीची गोळी सुरू झाली. मेट्रन मॅडम म्हणाल्या, "नर्सला हे चालायचंच." अमेरिकेत सुमारे १ लाख ८९ हजार परिचारिकांवर २४ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जितकी जास्त वर्षं फिरत्या पाळीतली रात्रपाळी, तितका हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. वाढ फार मोठी नव्हती, पण होती. आणि त्या बायांना बहुधा तीन वाजता पाण्याच्या नंबरासाठी उठावं लागत नसावं.

आता थोडं नाजूक बोलते, रागावू नका. आपल्याकडे जयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. चांगला आहे, माझा मुलगाही बसतो. पण त्यातून घराघरात एक समजूत पक्की झाली आहे, की कमी झोपतो तो मोठा आणि झोपतो तो आळशी. दहावीच्या पोरीला आई रात्री एकला चहा करून देते आणि पाचला उठवते. बाबासाहेब रात्रीचा दिवस करायचे हे आपण मुलांना सांगतो. पण १९४७-४८ च्या सुमारास, संविधानाचं काम चालू असताना, मधुमेह झालेल्या बाबासाहेबांच्या पायांत कळा यायच्या, झोप लागत नसे आणि इन्सुलिन घ्यावं लागत होतं, हे सांगायचं राहून जातं. पुढे त्यांची प्रकृती माईसाहेबांनी सांभाळली, त्या स्वतः डॉक्टर होत्या. वयाच्या ६५ व्या वर्षी बाबासाहेब गेले. जागरणानेच गेले असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण आपल्यासाठी त्यांनी झिजवलेली प्रकृती हा आपण पोरांसमोर ठेवायचा आदर्श आहे का, एवढंच विचारते.

त्यापेक्षा मजूरमंत्री बाबासाहेब पोरांना सांगा. कारखाना कायद्यातली दुरुस्ती त्यांनी मांडली आणि १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामाच्या तासांना मर्यादा म्हणजे कामगाराच्या झोपेला जागा. आज आपल्या वस्तीतली किती पोरं सिक्युरिटीत बारा तास उभी असतात, दुसरा गडी आला नाही की डबल ड्युटी करतात, ते मोजा. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेायला मंजुरी दिली तेव्हा आपल्यातले किती जण बोलले, तेही आठवा.

आवाजाचंही बोलायला हवं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हवा आणि राहत्या वस्तीत रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा. दुसऱ्यांच्या मांडवातला डीजे आपल्याला खटकतो. आपल्या हळदीचा, आपल्या मिरवणुकीचा खटकत नाही. गाढ झोपेत जाग आली नाही तरी मोठ्या आवाजाने ठोके आणि बीपी वाढतं. शेजारच्या खोलीत हार्टचा पेशंट झोपलेला असतो.

घरात काय करता येईल? पाण्याला रोज बाईनेच का उठायचं? नवरा आहे, मोठा मुलगा आहे, वार वाटून घ्या. दोन-तीन घरांनी मिळून एकमेकांचे हंडे भरून दिले तर प्रत्येकीला आठवड्यातून चार रात्री सलग झोप मिळेल. आमच्या गल्लीत हे जमलं आहे, भांडणं झाली पण जमलं. रात्री मोबाइल पोरांच्या उशाशी नको, मोठ्यांच्याही नको. "थोडी घेतली की झोप लागते" असं म्हणणाऱ्या भावांना सांगते, दारूने गुंगी येते, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटत राहते आणि बीपी वाढतं. पाचवं शील नुसतं वंदनेपुरतं नाही. घोरताना मध्येच श्वास अडकत असेल, सकाळी डोकं जड राहत असेल, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर ती गाढ झोप नाही, तो आजार आहे. डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी दवाखान्यात बीपी आणि साखर तपासून घ्यावी, तिथे पैसे लागत नाहीत. झोप सुधारली म्हणून मनाने गोळी बंद करू नका. छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर "गॅस असेल" म्हणत सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

त्या मावशींचं पुढे काय झालं विचाराल. पाण्याला आता मुलगा उठतो, कुरकुरत का होईना. मावशींना पाच तास मिळतात. डॉक्टरांनी गोळी बदलली, बीपी उतरलं आहे, अजून हवं तितकं नाही. पण रात्री तीनचं पाणी तीनलाच येतं. पाण्याची वेळ बदलावी म्हणून वॉर्ड ऑफिसला द्यायचा अर्ज महिला मंडळाने लिहिला आहे. काल रात्रीपर्यंत ४१ सह्या झाल्या. येत्या रविवारी वंदनेनंतर तो विहारात टेबलावर असेल, बीपीच्या वहीशेजारी.