चाळीस किलोचा आरसा आणि आमची माया

७ ऑक्टोबर २०२५ रोजी जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. अणूत नव्हे, तर हातात धरता येईल एवढ्या विद्युतमंडलात क्वांटम वर्तन दाखवल्याबद्दलचा हा मान होता. बातमी इंदुरात पोचली आणि ओट्यावरच्या गप्पांत दोन पक्ष ऐकू येऊ लागले. एक म्हणतो, मोठ्या वस्तूही आता अणूसारख्या वागू लागल्या, म्हणजे जग माया आहे हे विज्ञानानं कबूल केलं. आपण पाहतो म्हणून जग असतं, तेव्हा मनात पक्कं धरा, घडेल. दुसरा व्यवहारी आहे. त्याच्या मते ही सगळी प्रयोगशाळेतली गंमत. आपल्या जगण्याशी तिचा काय संबंध?

दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण एक गोष्ट दोघांनीही न तपासता गृहीत धरली आहे. लहान ते क्वांटम, मोठं ते साधं, आणि मधली भिंत आत्ता कुठे पडली. माझं भांडण या गृहीताशी आहे. तिथे आकाराची भिंत नव्हतीच.

व्यवहारी पक्षाचं आधी पाहू, कारण त्याला फार वेळ लागत नाही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत ज्या एमआरआय यंत्रात माणूस आडवा सरकवतात, त्यातलं चुंबक बहुधा नायोबियम-टायटेनियमच्या तारेच्या वेटोळ्यांचं असतं. ती वेटोळी उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमात बुडवलेली असतात. एकदा प्रवाह सुरू केला की बाहेरून वीज न देता तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. अशा अतिवाहक कड्यात अडकलेलं चुंबकीय क्षेत्र हवं तितकं घेता येत नाही, ते ठरावीक तुकड्यांच्या पूर्ण पटीतच बसतं, हे १९६१ साली प्रयोगानं दिसलं. राजेंद्रनगरच्या पलीकडे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, ज्याला जुने इंदूरकर अजून ‘कॅट’च म्हणतात. तिथे कणत्वरकांसाठी नायोबियमच्या सुमारे मीटरभर लांबीच्या पोकळ्या घडवतात आणि २ केल्विनला, म्हणजे उणे २७१ अंशांना तपासतात. त्या तापमानाला भोवतीचा हेलियमही अतिप्रवाही होतो, म्हणजे यंत्र क्वांटम आणि त्याला थंड ठेवणारा द्रवही क्वांटम. कॅटची पायाभरणी १९८४ सालची, आणि ज्या प्रयोगांना आता नोबेल मिळालं तेही १९८४-८५ मध्ये बर्कलीत झालेले. ‘आपल्याशी काय संबंध’ म्हणणाऱ्यानं गुडघ्याचा एमआरआय काढताना हा प्रश्न पुन्हा विचारून पाहावा.

इथे एखादा जाणकार मला अडवील, आणि त्यानं अडवावंच. अतिवाहकता म्हणजे असंख्य इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या क्वांटम वर्तनाची बेरीज. त्यानं अख्खी मोठी वस्तू क्वांटम ठरत नाही. आक्षेप खरा आहे. ॲन्थनी लेगेट यांनी १९८० च्या सुमारास नेमका हाच फरक दाखवला होता. क्लार्क आणि मंडळींचं काम म्हणूनच मोलाचं. अब्जावधी जोड्या मिळून बनलेली एकच राशी, एखादा कण असावा तशी, अडथळ्याच्या पलीकडे आरपार गेली आणि मंडलात अचानक व्होल्टेज उमटलं. तिच्या ऊर्जेलाही पायऱ्या होत्या. पण त्यासाठी तो तुकडा निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर ठेवावा लागला आणि तारांतून येणारा बाहेरचा सगळा विद्युत गोंगाट गाळून टाकावा लागला. बातमीत हे वाक्य शेवटी येतं. खरं तर तेच पहिलं हवं.

मायावादी पक्षाची सगळी मदार ‘पाहणारा’ या कल्पनेवर आहे, म्हणून त्याच्याशी जास्त वेळ बसायला हवं. पाहणारा माणूस, माणसाला मन, म्हणून मन जग घडवतं, अशी ही साखळी आहे. १९८९ साली दीपक चोप्रांनी ‘क्वांटम’ आणि ‘हीलिंग’ हे शब्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकत्र आणले, त्याचं पीक आजही निघतं आहे. या साखळीचं पहिलंच कडं व्हिएन्नात तुटलं. तिथल्या गटानं १९९९ मध्ये साठ कार्बन अणूंच्या रेणूचं लहरींसारखं व्यतिकरण दाखवलं. पुढे २००४ मध्ये सत्तर कार्बनांचे रेणू लेसरनं तापवून व्यतिकरणाच्या वाटेनं सोडले. लेसरची ताकद वाढवत नेली तसे व्यतिकरणाचे पट्टे फिके होत गेले आणि अखेर नाहीसे झाले. कारण तापलेला रेणू स्वतःच प्रकाश सोडतो आणि त्या प्रकाशात तो कुठून गेला याची खूण उरते. ती खूण वाचायला तिथे कोणी नव्हतं. संशोधक चहाला गेले असते तरी पट्टे तसेच पुसले गेले असते. पाहणारा म्हणजे हवेचा एक रेणू, उष्णतेचा एक किरण, कोणतीही वस्तू जिच्यावर नोंद उरते. तिला ना मन आहे ना इच्छा.

राहता राहिले मायावादी ज्यांचं नाव घेतात ते आचार्य. मंडनमिश्रांशी शंकराचार्यांचा वाद नर्मदाकाठी मंडलेश्वरला झाला, असं तिथली परंपरा मानते. म्हणजे प्रकरण आमच्या शेजारचंच. त्याच शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात बौद्ध विज्ञानवाद्यांना झोडपलं आहे. बाहेर वस्तू नाहीच, फक्त तिची जाणीव आहे, असं म्हणणारा माणूस म्हणजे पोटभर जेवून तृप्त होत असतानाच ‘मी जेवत नाही’ म्हणणारा, असा त्यांचा दृष्टान्त आहे. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री अकराला उभं राहून जो हे वाचेल त्याला अधिक स्पष्टीकरण नको. परमार्थात जग मिथ्या, हा त्यांचा सिद्धान्त वेगळ्या पातळीवरचा आहे आणि तो कुणाच्या लेसरवर उभा नव्हता. ‘पाहिलं म्हणून आहे’ हे मत त्यांच्या नावावर खपवणं हा मात्र आचार्यांवर अन्याय आहे. श्रोडिंगरच्या मांजराचंही तेच केलं आपण. १९३५ मध्ये त्यांनी ते मांजर मांडलं ते हास्यास्पद उदाहरण म्हणून, एका मताचा फोलपणा दाखवायला. लोकांनी ते पाळलं.

मग माझा पक्ष काय? क्वांटम वर्तनाच्या आड येतो तो वस्तूचा आकार नसून तिचा शेजार. जगाशी तिची देवाणघेवाण जितकी कमी, तितकं ते वर्तन टिकतं. होळकर स्टेडियमवर ताशी १४४ किलोमीटरनं टाकलेल्या १६० ग्रॅमच्या चेंडूलाही लहर आहे, पण तिची लांबी मीटरभराच्या १०^३४ भागांतल्या एका भागाएवढी, आणि हवा, ऊन, गोलंदाजाचा घाम हे सगळे त्याची नोंद घेत असतात. याच्या उलट टोक लुइझियानातल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेचं. तिथले आरसे ४० किलोचे, काचेच्या तंतूंवर टांगलेले, निर्वातात, पण थंड मुळीच केलेले नाहीत. २०२० मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की लेसर प्रकाशातली क्वांटम चलबिचल या आरशांना सुमारे १०^-२० मीटर हलवते. प्रोटॉनच्या लाखाव्या भागाएवढं. पुढच्या वर्षी चार आरशांची मिळून होणारी हालचाल, जी दहा किलोच्या एका वस्तूच्या तोडीची धरली जाते, ७७ नॅनोकेल्विनइतकी शांत करून दाखवली.

यामुळे मनोबलवाल्यांचं काम सोपं होत नाही, अवघड होतं. मेंदू ३७ अंशांवर, ओला आणि गजबजलेला. त्यातला विचार क्वांटम नियमानं नोकरी मिळवून देतो म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारीन: निर्वात किती होता, तापमान किती होतं, आणि क्वांटम वर्तन किती वेळ टिकलं? क्लार्क यांना, व्हिएन्नाला आणि लायगोला हे प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी आकडे दिले.

असाच एक लायगो हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होतो आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं त्याला २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि उभारणाऱ्या संस्थांत कॅटही आहे. ज्योतिर्लिंगाच्या गावी क्वांटम आरसे म्हटल्यावर मायावादी पक्षाला नवं भांडवल मिळणार, हे दिसतंच आहे. तिथल्या अभियंत्यांची काळजी वेगळी असेल: रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा आरशापर्यंत पोचू नये.