भारताचे वैभव

पनवेलजवळचे चिरनेर म्हटले की लोकांना 1930 सालचा जंगल सत्याग्रह आठवतो. मला तिथली मुलेही आठवतात. दिवाळीचा किल्ला उभा राहिला की उरणच्या किनाऱ्यावरचे शंखशिंपले त्याच्या पायथ्याशी मांडले जातात. त्या गर्दीत मी एक शंख हटकून शोधतो. तो सापडत नाही, कारण तो किनाऱ्यावर राहातच नाही. त्याचे घर खोल पाण्यात आहे.

शास्त्रज्ञ त्याला कोनस मिल्नेएडवार्ड्सी म्हणतात; शौकीन मंडळी ‘ग्लोरी ऑफ इंडिया’, म्हणजे भारताचे वैभव. अंग खाली निमुळते होत गेलेल्या शंकूसारखे, आणि माथा देवळाच्या शिखरासारखा पायरीपायरीने उंच चढलेला. पांढऱ्या अंगावर तपकिरी रेषांची नाजूक जाळी, मधूनमधून तंबूसारखे पांढरे त्रिकोण. रांगोळीत मुरलेल्या हातानेही हात जोडावेत अशी ही नक्षी!

हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ जुसोम यांनी 1894 साली दिले. पुढे टाउनसेंड नावाच्या कप्तानाला मुंबईसमोरच्या अरबी समुद्रात असाच शंख मिळाला. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या तारा सांभाळणाऱ्या बोटीवर ते होते. मेलव्हिल आणि स्टँडन या इंग्रज अभ्यासकांनी 1899 साली त्याला निराळे नाव दिले. मागाहून तोही याच जातीत धरला गेला. तांबडा समुद्र, आफ्रिकेचा पूर्व किनारा, मॉरिशस आणि आपला पश्चिम समुद्र, एवढा त्याचा संसार पसरलेला आहे.

आता घरच्यांसाठी दोन गोष्टी. पहिली म्हणजे, 2001 साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला, हा शंख बसला. तेव्हा दिवाणखान्याच्या कपाटासाठी कोणी तो विकायला आणला, तर सरळ नको म्हणावे. दुसरी म्हणजे, शंकूच्या आकाराच्या या सगळ्या गोगलगाई विषारी असतात. सोंडेतून सुईसारखा दात मारून त्या भक्ष्य टिपतात. यांच्यातल्या कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने माणसे दगावली आहेत. गंमत अशी, की कोनस मॅगस या दुसऱ्या जातीच्या विषावरून तयार केलेले वेदनाशामक औषध 2004 साली अमेरिकेत मान्य झाले.

म्हणून मुलांना एवढेच शिकवावे: रिकामा शंख खुशाल न्याहाळा, आत जीव असेल तर हात मागे घ्या. त्यात तुमचेही भले आहे आणि त्याचेही.